आधी चाचणी, मग फवारणी

सुरतच्या पर्वत पाटिया भागात खाडीच्या पुराचे पाणी ओसरताच गल्लोगल्ली सुरू होणारी धूरफवारणी हा डासनियंत्रणाचा मुख्य उपाय असू शकत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एकाच औषधाचा मारा सुरू राहिला की ज्यांच्या जनुकात प्रतिकार आहे तेच डास तगतात आणि पुढची पैदास त्यांचीच होते. चेतापेशींतील सोडियम-मार्गिकेच्या जनुकात एक बदल झाला, तरी डीडीटी आणि पायरेथ्रॉइड ही दोन्ही औषधे बोथट होऊ शकतात. डीडीटीला न जुमानणारा हिवतापाचा डास गुजरातेत १९५९ मध्येच आढळला होता.

महापालिकेने प्रभागवार डासांवर औषधांची चाचणी घेऊन निकाल जाहीर करावेत, औषधे आलटूनपालटून वापरावीत आणि उघड्या टाक्या, टायरांतले पाणी आधी हटवावे. अन्यथा डेंग्यूची मोठी साथ येईल, तेव्हा भांडारात औषध असेल, पण ते लागू पडणार नाही.