पाळीवरचे वळण

मोटार हाकण्याची हौस भागविण्यासाठी वळणावळणाचा, नेत्रसुखद रस्ता शोधीत नागपूरकर रसिक चिखलदऱ्याकडे किंवा पचमढीकडे धाव घेतात. परंतु अवघ्या ६० किलोमीटरांवर, वैनगंगेच्या काठी असलेल्या भंडारा जिल्ह्याची त्यांना क्वचितच आठवण होते, याची मला मनापासून खंत वाटते. याचा दोष काहीसा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ कडे जातो, कारण लाखनी, साकोली ओलांडून छत्तीसगडाकडे जाणाऱ्या त्या प्रशस्त राजरस्त्यावरून हा मुलूख केवळ सपाट भासतो.

डोंगरावाचून रस्त्याला वळण कसले, असे ज्याला वाटत असेल त्याने महामार्ग सोडून एखाद्या मौजाकडे जाणारी सडक धरावी. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून, उताराचा आणि पाण्याच्या ओढीचा सूक्ष्म विचार करून, या जिल्ह्यात जे असंख्य तलाव आणि बोड्या निर्माण केल्या, त्यांना वळसा घालीत, कुठे पाळीच्या पायथ्याने तर कुठे थेट पाळीवरून, धानाच्या बांध्यांचा मान राखीत या सडका गेल्या आहेत. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली, तलाव सरकारजमा झाले आणि लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे नाव तेवढे उरले. मला स्वतःला घाटाच्या वळणाहून हे पाळीवरचे वळण अधिक प्रिय आहे. घाटात चालकाची दृष्टी दरीच्या भयाने बांधलेली असते. येथे ताशी ४० किलोमीटरांच्या वेगाने वळताना एका बाजूस कमळांनी भरलेले पाणी आणि दुसऱ्या बाजूस, चार हात खाली, रोवणीनंतरचे हिरवेगार शिवार एकाच वेळी दृष्टीस पडते.

ज्यांना डोंगरच हवा त्यांनी तुमसरहून आंबागड-गायमुखकडे जावे. देवगडच्या बख्त बुलंद शहाचा सरदार राजखान पठाण याने १७०० च्या सुमारास बांधलेला आंबागड किल्ला सातपुड्याच्या पायथ्याशी उभा आहे. चैत्रातील पहाटे या भागातून जाण्याचा योग आला, तर वाटेवरील मोहाखाली वाकून, टोपलीत एकेक फूल वेचणाऱ्या बाया दिसतील. तेथे मोटार बंद करून दोन घटका थांबावे. त्या उग्र-गोड सुवासासाठी काच खाली करणे एवढेही पुरे आहे.

सार्वजनिक बांधकाम विभागास माझी एक अर्जी आहे. रुंदीकरणाचे नकाशे तयार होतील तेव्हा अंमलदारांनी खड्डे अवश्य बुजवावेत, जीर्ण मोऱ्या अवश्य बांधाव्यात, पण पाळ कापून आणि मोहाची झाडे पाडून सडक सरळ करण्याचा मोह टाळावा. तलावाची पाळ दुबळी झाली की खालच्या बांध्यांचे पाणी तुटते, ही गोष्ट येथील शेतकऱ्यास कोणी शिकवावी लागत नाही.

आणि हौशी चालकांनो, २०१३ साली घोषित झालेल्या कोका अभयारण्याच्या बाजूस दिवस मावळल्यावर गाडी घालू नका. ती वेळ चितळांची आहे. कापणीनंतर गावाजवळच्या वळणावर अर्ध्या सडकेवर धान वाळत घातलेले दिसेल. ते कुणाचे तरी वर्षाचे अन्न आहे. चाक त्यावरून नेऊ नका.