डगमगत्या बोटीचा हिशोब

५१ सेंटीमीटर. ऑफिसातल्या ज्या खुर्चीत बसून तुम्ही हे पान चाळताय, तिची बैठक साधारण एवढीच रुंद असेल. ऑलिंपिकमध्ये एकट्यानं वल्हवायची जी रेसिंग कयाक असते, म्हणजे के-वन, तिला वर्षानुवर्षं हाच नियम होता. ५.२० मीटरपेक्षा लांब नको, १२ किलोपेक्षा हलकी नको आणि सगळ्यात रुंद जागी ५१ सेंटीमीटरपेक्षा अरुंद नको.

नियम आला की पळवाट आलीच! डिझायनर मंडळींनी बोट पाण्यात बारीकच ठेवली आणि वल्हवणाऱ्याच्या पाठीमागे, पाण्याच्या वर, दोन्ही बाजूंना कोपरे काढले. पट्टी लावा, ५१ भरतात. पाण्याला मात्र त्या रुंदीचा पत्ताच नाही. वरून बघितलं तर ताणून लांब केलेली शंकरपाळीच! २००० च्या सिडनी ऑलिंपिकनंतर हा नियम गेला, कोपरेही गेले आणि के-वन ४० सेंटीमीटरच्या आसपास आली.

एवढा आटापिटा कशासाठी? कारण साधं आहे. बोट जितकी रुंद, तितकं जास्त पाणी तिला बाजूला सारावं लागतं. तिचा जितका पृष्ठभाग ओला, तितकं घर्षण जास्त. दिलेल्या वजनासाठी सगळ्यात कमी ओला होणारा आकार म्हणजे अर्धगोल तळ. पण अर्धगोल तळाची बोट म्हणजे पाण्यावर ठेवलेलं ओंडकं. जरा कललात की ती आनंदानं गोल फिरणार. सपाट, रुंद तळाची बोट कललीच, तर एका बाजूचं जास्त पाणी तिला वर ढकलून परत सरळ करतं. थोडक्यात, वेग हवा तर तोल सांभाळा आणि तोल हवा तर वेग विसरा. निदान पुस्तकात तरी असंच आहे.

आता एका माणसाची गोष्ट. ग्रेग बार्टन, अमेरिकन. जन्मतःच दोन्ही पावलं वाकडी, लहानपणी ऑपरेशन्स झालेली. शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये के-वन १००० मीटरची फायनल संपली, तेव्हा बोर्डावर पहिलं नाव झळकलं ऑस्ट्रेलियाच्या ग्रँट डेव्हिसचं. मग फोटो-फिनिश तपासला गेला आणि सोनं बार्टनला मिळालं. फरक किती? सेकंदाचा पाच हजारांश भाग... म्हणजे ०.००५ सेकंद! त्यानंतर साधारण दीड तासात या पठ्ठ्यानं नॉर्मन बेलिंगहॅमबरोबर के-टूचंही सोनं खिशात घातलं.

पाच सहस्रांश सेकंदाची किंमत ज्याला ठाऊक, तो माणूस निवृत्तीनंतर कसल्या बोटी बनवेल? तुम्ही म्हणाल, अजून बारीक, अजून वेगवान. त्यानं तशाही बनवल्याच. दक्षिण आफ्रिकेचा सर्फस्की-सम्राट ऑस्कर चालुप्स्की आणि तो 'एपिक' या कंपनीत एकत्र आले. (सर्फस्की म्हणजे समुद्रात शर्यतीसाठी वापरतात ती वरून उघडी, लांबलचक कयाक.) त्यांची व्ही-१२ साधारण २१ फूट लांब आणि जेमतेम १७ इंच रुंद. पट्टीच्या लोकांसाठी. पण मला जास्त इंटरेस्टिंग वाटते ती त्यांची दुसरी बोट, व्ही-८. लांबी १८ फूट, रुंदी २२ इंच. म्हणजे जवळजवळ ५६ सेंटीमीटर, त्या जुन्या ५१ पेक्षाही जास्त!

गंमत म्हणजे ही बोट चांगली पळते. पुढचं टोक वर उचललेलं नाही, जवळजवळ सरळ उभं पाण्यात उतरतं, त्यामुळे १८ फुटांपैकी बहुतेक सगळी लांबी पाण्यात कामाला लागते. लांबी पाण्यात असली की स्वतःच्याच लाटेशी झगडणं कमी होतं. रुंदी आहे, पण ती बसणाऱ्याच्या आसपास, टोकं निमुळतीच. आणि बसायची जागा खोलगट. माणसाचं वजन खाली गेलं की तोल आपोआप सुधारतो. कयाकमध्ये सीट एक-दोन सेंटीमीटर वर-खाली केली तरी फरक लगेच कळतो, राव.

पण खरा मुद्दा बोटीचा नाहीच, तिच्यात बसणाऱ्याचा आहे. माझा एक आयटीतला मित्र पवना धरणावर चार वीकेंड प्लास्टिकची कयाक वल्हवून आला आणि थेट १७ इंचीच्या प्रेमात पडला. मोबाइलवर फोटो दाखवत म्हणाला, "घ्यायची तर टॉपचीच घेईन ना!" लॉजिक ओळखीचं आहे. आपण फोन असाच घेतो, बाइकही अशीच. फक्त महागडा फोन तुम्हाला पाण्यात टाकत नाही!

अतिअरुंद बोटीत नवखा माणूस वल्हं मारतच नाही, वल्ह्यानं पाणी थोपटत बसतो. पडू नये म्हणून. पाय ताठ, खांदे ताठ, कंबर वळत नाही. आणि कयाकिंगची सगळी ताकद तर पायापासून कमरेतून खांद्यात येते. म्हणजे कागदावर वेगवान असलेली बोट त्याच्या हातात मंद होते. रुंद बोटीत तोच माणूस निर्धास्तपणे पूर्ण जोर लावतो आणि पुढे निघून जातो. सर्फस्की शिकवणारे कोच म्हणूनच घोकून घेतात, आधी स्थैर्य, मग कौशल्य. खुल्या समुद्रात तर हा जिवाचा प्रश्न असतो. पडणं, परत चढणं, परत पडणं यात माणूस दमतो, अंग गार पडतं आणि वारा बोट लांब नेतो.

स्थिर बोट म्हणजे कच्च्या लिंबूंची बोट, असं वाटतंय? मग प्राची यादवला विचारा. टोकियो पॅरालिंपिकमध्ये उतरलेली ही भारताची पहिली पॅराकॅनो खेळाडू, २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई पॅरा गेम्समध्ये तिनं कयाकचं सोनं जिंकलं. पॅरा कयाकला आजही किमान ५० सेंटीमीटर रुंदीचा नियम आहे. पायांनी, कमरेनं तोल सावरता येत नसेल, तर बोटीनं थोडा वाटा उचलायचा. शर्यत मात्र तितकीच खरी.

आपल्या कोकणातल्या मंडळींनी हा हिशोब फार आधी सोडवलाय. मालवणकडे होडीला एका बाजूला दांड्यांनी बांधलेलं लाकूड बघितलंय? ती उलांडी. होडी अरुंद, पाणी कापत जाणारी, आणि तोल सांभाळायला शेजारी उलांडी. तिचा थोडा भार ओढावा लागतो, पण जाळं ओढताना दोन्ही हात मोकळे राहतात. मासे पकडायला गेलेल्या माणसाला हातच तर मोकळे हवेत!

त्या मित्राला मी एकच टेस्ट सांगितलीय. लाइफ जॅकेट घाल, जाणकार सोबत घे आणि जरा लाटा असलेल्या पाण्यात वीस मिनिटं वल्हव. मग स्वतःला विचार, या वेळात बोट पुढे किती नेली आणि नुसती सावरली किती? सावरणंच जास्त झालं असेल, तर चार इंच रुंद बोट घे. वर्षभरानं अरुंद घ्यायला कोण अडवतंय?