सोफ्याला शोभेल असं अमूर्त

सुरतेत अमूर्त चित्राची निवड सोफा करतो. वेसू नाहीतर पाल भागात नवा फ्लॅट सजू लागला की इंटिरिअरवाला सोफ्याच्या कापडाचा तुकडा भिंतीला लावून बघतो आणि सांगतो, 'शेठ, इथे थोडं अ‍ॅब्स्ट्रॅक्ट टाकू.' टाकू! भाजीत मीठ टाकावं तसं. मग मशीनवर छापलेला कोलाज टांगला जातो. त्यात जांभळा गोल असतो, मोहरीसारखा पिवळा पट्टा असतो आणि कापलेल्या कागदाच्या काठाची सावलीसुद्धा छापलेली असते. कात्री कुठेच लागलेली नाही. त्याच शेठसमोर खरोखर कातरलेल्या कागदाचं काम ठेवा, उत्तर ठरलेलं आहे: 'आ तो मारो बाबो पण करे.' म्हणजे, हे तर माझं पोरगंही करेल.

मी रिंग रोडच्या मार्केटात साड्यांच्या मॅचिंगवर पोट भरतो. एकच डिझाइन सहा-आठ रंगमेळांत काढायचं, हे माझं काम. हिरव्याशेजारी राणी रंग सूतभर जास्त झाला तरी व्यापारी नाक मुरडतो आणि माल पडून राहतो. त्या वेळी कोणी विचारत नाही, की बाबा रे, या पट्ट्याचा अर्थ काय? रंगाला रंग खातोय की उठवतोय, हे त्याला लांबूनच दिसतं. दिवसभर अमूर्तावर लाखोंचे सौदे करणारा हाच माणूस रात्री भिंतीसमोर उभा राहून म्हणतो, यातलं आपल्याला काही कळत नाही. याला मी अडाणीपणा म्हणणार नाही. हा माज आहे. ज्याचं बिल फाटत नाही ते बघायचंच नाही, असा.

खरोखर कागद कातरणारा चित्रकार आंरी मातिस १८६९ साली जन्मला तो उत्तर फ्रान्समधल्या विणकरांच्या मुलखात. आपल्या उधना-लिंबायतच्या मागावरच्या कारागिराला त्या मुलखाची ओळख करून द्यावी लागली नसती. १९४१ साली पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, पुढे बराचसा काळ चाकाच्या खुर्चीत आणि अंथरुणात गेला. मदतनीस कागदावर गुआश, म्हणजे दाट जलरंग, चढवून द्यायचे आणि हा मोठी कात्री घेऊन सरळ रंगातच कापायचा. रेघ आणि रंग एकाच घावात. मग तुकडे भिंतीवर टाचण्यांनी लावायचे, हलवायचे, पुन्हा हलवायचे. १९५३ सालचं 'गोगलगाय' जवळपास तीन मीटर लांब-रुंद आहे. शंख शोधायला जाल तर हात हलवत परत याल; रंगांचे ओबडधोबड चौकोन एकमेकांना ढकलत गोल फिरतात, बस्स. मोर मोरासारखा दिसला की निम्मे गुण पदरात पडतात. इथे ती उसनवारी नाही. तुकडा चुकीच्या जागी बसला तर लपायला पिसारा नाही.

आणि आमची मराठी मंडळी काही सोवळी नाहीत. शाळेत कातरकाम, चिकटकाम म्हणून आपण काय शिकवतो? मोराची बाह्यरेषा छापून द्यायची, घोटीव कागदाचा चुरा करायचा आणि रेघेच्या आत डिंकाने भरायचा. कागदाकडून रंगाची हमाली! त्याचा काठ, त्याची जाडी, कात्रीचं वळण, सगळं त्या मोराखाली गाडलं जातं. पोरांनी रेघ सोडून काही चिकटवलं की बाई ओरडतात. चित्रकार विनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी १९५०च्या दशकात गेली, त्यानंतर त्यांनी बोटांनी चाचपून कागद कातरले. त्यात माणसं ओळखू येतात, म्हणजे ते पूर्ण अमूर्त नव्हे, हे मान्य. पण कागदाला कागद राहू देणं म्हणजे काय, ते तिथे समजतं. आमच्या मोरात नाही.

परदेशातून कोणी येऊन बोट दाखवावं लागतं, हा तर जुनाच रोग. १९७५ साली अमेरिकी चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग अहमदाबादला गिरणीमालक साराभाईंकडे आला, गांधी आश्रमाच्या हातकागद कारखान्यात राबला, इथलं कापड बघून खुळावला आणि परत जाऊन त्याने कापडाचे 'जॅमर्स' केले. ते आता संग्रहालयांत आहेत. आपण तोवर कापडाचे तुकडे किलोवर विकत होतो. आजही विकतो.

कागदाचं म्हणाल तर सुरतेच्याच डबगरवाडात उत्तरायणाआधी जाऊन बघा. चांददार, आँखेदार पतंग. दोन रंगांचे पातळ कागद कापून असे जोडलेले, की सांध्याला नखभर खळ जास्त झाली तर पतंग आकाशात गोत खाईल. समतोल म्हणजे काय, यावर कलासमीक्षक पानंच्या पानं लिहितात. इथे वारा एका झटक्यात निकाल देतो. हे काम करणाऱ्याला कोणी चित्रकार म्हणत नाही, आणि तो पतंग पंधरा तारखेला विजेच्या तारांवर लोंबत असतो.

सिटीलाइटच्या सायन्स सेंटरमध्ये आर्ट गॅलरी आहे. तिथे महिनाभर हे पतंग टांगा, शेजारी कातरलेल्या कागदाची अमूर्त चित्रं लावा, काच-बीच नको. आणि 'मारो बाबो पण करे' म्हणणाऱ्या प्रत्येक शेठच्या हाती दारातच दोन रंगांचे कागद आणि एक कात्री द्या. पेन्सिल नाही, खोडरबर नाही. दहा मिनिटं. जमलं तरच आत सोडा.