घाम गाळला म्हणून साखर सोडत नाही

पेणजवळच्या हमरापूर-जोहे पट्ट्यातले गणपतीचे कारखाने असोत की रोह्याची धाटाव औद्योगिक वसाहत, कामगारांच्या तब्येतीबद्दल दोन गोष्टी सगळीकडे ठामपणे सांगितल्या जातात. पहिली, दिवसभर राबणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला हवा? दुसरी, चाळिशीनंतर रक्तदाब किंवा साखर निघालीच, तर वय झालं, चालायचंच. कामगार हे बोलतो, मुकादम बोलतो, मालकही बोलतो. दोन्ही समज चुकीचे आहेत आणि त्यांची किंमत एकटा कामगार मोजतो आहे.

पहिल्या समजाला आधार अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. १९५३ साली जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास छापला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. इथल्या खारेपाटातल्या शेतात चिखलणी, लावणी, भारे वाहणं, बांधबंदिस्ती करणाऱ्या माणसाचंही सगळं अंग हलत होतं, आणि कामाचा वेग पुष्कळसा त्याच्या हातात होता.

आजचं काम तसं राहिलेलं नाही. मूर्तीची आखणी करणारा कारागीर पाहा. मूर्ती समोर पाटावर, हा मांडी घालून बसलेला, श्वास रोखून बारीक कुंचल्याने बुबुळ काढतो. बोटं आणि मनगट तेवढं हलतं. मांड्या, नितंब, पोटऱ्या तासन्‌तास निपचित. जेवणानंतर रक्तात आलेली साखर शोषून घेण्याचं मोठं काम स्नायू करतात, आणि शरीरातले सर्वांत मोठे स्नायू कंबरेखालीच आहेत. चतुर्थी तोंडावर आली की बैठक रात्रीपर्यंत लांबते. मध्ये चहा, बिस्किटं, वडापाव. हा माणूस संध्याकाळी खरोखर थकलेला असतो. पण त्या थकव्याला व्यायाम म्हणता येत नाही.

ड्रम आणि गोणी उचलणाऱ्या कंत्राटी कामगाराचं काय, असं कुणी विचारील. त्याचं अंग हलतं, पण वजन उचलताना रक्तदाब चढतो, आणि तो उतरायला सवड मिळण्याआधी पुढची गोणी आलेली असते. कोपनहेगनमधल्या एक लाखाहून अधिक लोकांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. फावल्या वेळात हालचाल करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका कमी दिसला. कामावर जास्त अंगमेहनत करणाऱ्यांना उलट जास्त. त्यात रात्रपाळीची भर घाला. रात्री दोनला डबा खाल्ला तर शरीर ती साखर दिवसासारखी हाताळत नाही.

‘तू तर काडीसारखा, तुला कसली साखर’ हे वाक्य मला सर्वांत घातक वाटतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची उंची-वजनाच्या हिशेबाने सारखीच भरणारी शरीरं २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये शेजारीशेजारी छापली गेली. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्याकडे चरबी हातापायांवर दिसत नाही, पोटात साठते. म्हणून वजनकाट्यापेक्षा मोजपट्टी खरं बोलते. पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटीमीटर, बाईचा ८०, ट्रायग्लिसराइड १५०, चांगलं कोलेस्टेरॉल पुरुषात ४० च्या खाली, बाईत ५० च्या, रक्तदाब १३०/८५, उपाशीपोटी साखर १००. या पाचांपैकी कुठल्याही तीन गोष्टींनी मर्यादा ओलांडली की मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराची आगाऊ सूचना. दुखत काहीच नाही, म्हणून तपासत कुणी नाही.

आता वयाचा मुद्दा. वयाने धोका वाढतो, यात वाद नाही. आशाताई घरोघरी भरून घेतात त्या आजाराचा धोका मोजणाऱ्या फॉर्ममध्येही चाळिशीच्या माणसाला वयाचे दोन गुण लागतात, तर आठवड्याला दीडशे मिनिटांहून कमी हालचालीला एकच. पण ते गुण आधी कुणाला तपासायचं हे ठरवायला आहेत, हात झटकायला नाहीत. अमेरिकेतल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दीडशे मिनिटांची हालचाल आणि थोडं वजन घटवणं एवढ्यावर मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. साठी ओलांडलेल्यांत ते ७१ टक्क्यांनी घटलं. तरुणांपेक्षा म्हाताऱ्यांना जास्त फायदा! वय झालं म्हणून सोडून देणारे नेमक्या त्याच माणसाला सोडतात, ज्याला सर्वाधिक मिळवता आलं असतं.

मग करायचं काय? ‘रोज चाला’ असा फलक लावून मालकाची सुटका होत नाही. बारा तास राबून मोटारसायकलवर घरी जाणाऱ्याला चालायला वेळ कुठून मिळणार? तो वेळ कामाच्या तासांतूनच निघाला पाहिजे. आखणीवाल्याला तासाला पाच मिनिटं उठून अंगणात चक्कर मारू द्या. गोण्या उचलणाऱ्याला दोन फेऱ्यांत दम खायला द्या. त्याला आणखी कष्ट नकोत, विसावा हवा. कँटीनच्या ताटात भाताच्या दुसऱ्या वाढणीआधी उसळ येऊ द्या. रात्रपाळी लागोपाठ आठवडाभर लावू नका.

नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी चाळिशीपुढच्या कामगारांची वार्षिक मोफत तपासणी मालकाच्या जबाबदारीत आणली आहे. ती धाटावमध्ये कंत्राटी माणसालाही मिळते का, हे संघटनांनी दारात उभं राहून विचारावं. पेणच्या छोट्या मूर्तिकारखान्यात मात्र मालकाच्या भरवशावर न राहता आरोग्य केंद्रालाच जावं लागेल. आशाताई दुपारी घरी येते तेव्हा तो कारागीर घरी नसतो, तो मूर्तीपुढे बसलेला असतो. मोजपट्टी आणि रक्तदाबाचं यंत्र घेऊन तिथेच जा, आणि सीझन सुरू होण्याआधी, माघातच जा.