अपूर्णांकाचा बळी

दहा-दहाच्या दहा नोटा देऊन शंभराची एक घेतल्याने कोणी सधन होत नाही, की निर्धनही होत नाही. भागांच्या एकत्रीकरणाचे, बाजाराच्या बोलीत ज्यास ‘रिव्हर्स स्प्लिट’ म्हणतात त्याचे, समर्थन याच दाखल्याने केले जाते. अमेरिकेतील सिटीग्रुप या बलाढ्य बँकेने मे २०११ मध्ये दहा जुन्या भागांबद्दल एक नवा भाग दिला. सुमारे २९ अब्ज भागांचे २.९ अब्ज झाले. साडेचार डॉलरांच्या आसपास रेंगाळणारा भाव चव्वेचाळीसच्या घरात गेला. भाव वाढला, बँकेचे बळ मात्र होते तेवढेच राहिले.

येथवर तक्रारीस जागा नाही. परंतु हा दाखला मोठ्या भागधारकापुरताच खरा आहे. शंभर भागांस एक असे प्रमाण ठरले, तर ज्याच्यापाशी नव्वदच भाग आहेत त्याच्या वाट्यास काय येते? येतो तो अपूर्णांक. आणि अपूर्णांकाची बोळवण सामान्यतः रोख रकमेने होते. दहा हजार भागांचा धनी शंभरांचा धनी होतो. नव्वदांचा धनी कंपनीच्या नोंदवहीतूनच पुसला जातो. विकण्याचा निर्णय त्याचा नव्हता. भाव त्याने ठरविला नाही, वेळही त्याने निवडली नाही. उतारवयासाठी लावलेले झाड मोहोर येण्यापूर्वीच दुसऱ्याच्या कुंपणात जाते.

आपल्या कायद्याने या धोक्याची दखल घेतली आहे, हे मान्य केले पाहिजे. एकत्रीकरणाने भागधारकांच्या मताधिकाराच्या टक्केवारीत फरक पडत असेल, तर २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ६१ अन्वये न्यायाधिकरणाच्या संमतीवाचून ते अमलात येत नाही. १९५६ च्या कायद्यात असे बंधन नव्हते. तरतूद स्तुत्य आहे. पण न्यायाधिकरणापुढे कंपनीच्या वतीने निष्णात विधिज्ञ उभे राहतात, आणि नव्वद भागांच्या मालकास तेथवरचा एक हेलपाटाही परवडत नाही. ज्याच्या रक्षणार्थ हे द्वार उघडले, तोच बाहेर राहतो.

म्हणून संमती देताना न्यायाधिकरणाने दोन अटी घालाव्यात, असे आम्हांस वाटते. अपूर्णांकाचे मूल्य स्वतंत्र मूल्यमापकाने ठरवावे. आणि ज्यास राहावयाचे आहे त्यास उणे पडणारे दहा भाग त्याच भावाने विकत घेऊन आपला भाग पूर्ण करण्याची संधी मिळावी. भागधारकांनीही कंपनीची सूचना न वाचता रद्दीत टाकू नये.

थेंबाथेंबाने तळे साचले. ते भरल्यावर थेंबांनाच बाहेर काढणे हा व्यवहार असेल, न्याय खचित नव्हे.