रस्ता विक्रमी झाला, पण पेट्रोलचं काय राजेहो?

अमरावती-अकोला महामार्ग आपल्याला काही नवा नाही. जून 2022 मध्ये याच रस्त्यावर 75 किलोमीटर डांबराचा थर 105 तास 33 मिनिटांत टाकला अन् गिनीज बुकात नाव गेलं. अभिमान आहेच. पण मागच्या महिन्यात त्याच विक्रमी रस्त्यावर, मूर्तिजापूरच्या अलीकडे माझी मारुती ओम्नी धापा टाकून बंद पडली. मॉडेल 1998चं, कार्बोरेटरवालं. टोचन करून घरी आणली.

सकाळी अंगणात पोतं अंथरलं अन् कार्बोरेटर खोलला. वाटी काढली तर पेट्रोलच्या खाली पाण्याचे थेंब. जेटच्या तोंडावर पांढरट-हिरवट थर. सुईचं रबर फुगलेलं. जेटमध्ये तार घालायची नसते. पितळ नरम असतं, भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल पीत सुटते. म्हणून पंक्चरवाल्या भाऊकडून हवा मारून आणली, किट बदललं. गाडी एका सेल्फात सुरू.

शेजारचे काका म्हणाले, "काऊन रे, भंगारात देऊन टाक ना बाप्पा!"

देतो ना. पण नवी कोण घेऊन देते? याच गाडीत खताची बोरी येते, घरची संत्री जातात, आईचा दवाखाना होतो. अन् ठेवायची म्हटलं तरी दंड आहेच: ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या कारची नोंदणी पुन्हा करायची फी 5,000 वरून 10,000 रुपये झाली.

आता मुद्द्याचं. मी कोण्या एका पंपावर ठपका ठेवत नाही. गाडी पावसाळ्यात उभी होती, हेही खरं. पण इथेनॉल पाणी ओढते, हे शाळेतलं रसायनशास्त्र आहे. आज आपल्याला मिळते ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. 2030चं उद्दिष्ट 2025 मध्येच गाठलं म्हणून पाठ थोपटून घेतली. नव्या इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर असतो, तो मिश्रण सांभाळून घेतो. कार्बोरेटरला डोकं नसते राजेहो! जेटचं भोक ठरलेलं. इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून त्याच भोकातून इंजिनाला कमी खुराक जातो.

हे मी नाही म्हणत. नीती आयोगाच्या 2021च्या अहवालातच लिहिलं आहे की जुन्या धाटणीच्या चारचाकीचं मायलेज 6-7 टक्के अन् दुचाकीचं 3-4 टक्के घटेल. म्हणजे आधीच माहीत होतं. मंग भाव तेवढा कमी काऊन नाही केला? उत्तर आलं की आता इथेनॉलच पेट्रोलपेक्षा महाग पडते. म्हणजे महाग वस्तू, कमी मायलेज, अन् बिल आपल्या नावावर!

काही जण म्हणतील, तू शेतकऱ्याच्या विरोधात आहेस काय? नाही. मीही शेतकरीच आहे. बाहेरच्या देशात जाणारा पैसा ऊस-मक्यावाल्याच्या घरात गेला तर मला आनंदच आहे. पण आमच्या वऱ्हाडात कापूस, सोयाबीन, तूर अन् संत्रा. एका शेतकऱ्याच्या भल्याचा खर्च दुसऱ्या शेतकऱ्याच्या जुन्या गाडीतून काऊन काढता? इथेनॉल विका, पण निवड ठेवा.

1 सप्टेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टानं बिनइथेनॉल पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका फेटाळली. कोर्टाचा मान राखतो. पण लोकप्रतिनिधीला विचारायला कोणाची मनाई नाही. मागण्या तीनच:

1. प्रत्येक नोझलवर इथेनॉल किती टक्के, हे मोठ्या मराठी अक्षरात लिहा.
2. तालुक्याला निदान एका पंपावर 10 टक्केवालं पेट्रोल ठेवा.
3. मायलेज घटते तेवढा भाव कमी करा.

तोवर जुन्या गाडीवाल्यांनो, गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर वाटीतलं पेट्रोल काढून टाका, रबरी नळ्या तपासत राहा. अन् मत मागायला कोणी दारात आलं, तर चहा पाजा, पण हा प्रश्न विचारल्याशिवाय उठू देऊ नका.

तुमच्या गाडीचं मायलेज किती घटलं? खाली लिहा. पटलं तर पुढं पाठवा.