टाचणी आणि चोर

कोणाच्या खात्यातून पैसे गेले, कोणाच्या फेसबुकवर भलतेच काही झळकले, की हल्ली कामरगावसारख्या गावातही एखादा जाणकार पोरगा समोरच्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, म्हणजे आयपी पत्ता, 'काढून' देतो. मोबाइलवर नकाशा, नकाशात लाल टाचणी, खाली कंपनीचे नाव. त्याचा फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडायचा अवकाश, चोर ठरून मोकळा.

आशिया-प्रशांत भागातले हे पत्ते ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला असलेली 'एपनिक' संस्था वाटते. भारतात 2012 पासून ते काम 'निक्सी' या संस्थेकडे आहे. कोणता गठ्ठा कोणाला दिला, ही नोंद कोणालाही फुकट पाहता येते, आणि यायलाच हवी. पण सात-बाऱ्यावर भोगवटादार सापडतो; काल रात्री बांध कोणी कोरला, ते नाही. इथे तर भोगवटादार म्हणजे बहुधा मोबाइल कंपनीच. जुन्या धाटणीचे पत्ते जगभर मिळून सुमारे 429 कोटी. ते केव्हाच अपुरे पडले, म्हणून कंपन्या एकाच पत्त्याआड कित्येक ग्राहक बसवतात. त्यातला नेमका कोण, हे सांगायला पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते; ग्राहकाचे नाव मात्र कंपनीच्या दप्तरात.

टाचणीचे तर विचारूच नका. गावातला फोन नकाशावर मुंबईत नाही तर नागपुरात निघतो. अमेरिकेत एका कंपनीने ठावठिकाणा न लागलेल्या 60 कोटींहून अधिक पत्त्यांची टाचणी देशाच्या मध्याजवळ रोवून दिली. तिथे निघाले कॅन्ससमधले एक शेत! चोर शोधत पोलीस वर्षानुवर्षे त्या शेतावरच्या घरी येत राहिले. कारण कळले ते 2016 मध्ये.

आपल्याकडे प्रकरण याहून कडू आहे. ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावर शिवाजी महाराजांची बदनामी झाल्याच्या तक्रारीवरून पुणे पोलिसांनी 2007 मध्ये बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला पकडले. इंटरनेट कंपनीने भलत्याच ग्राहकाचा तपशील दिला होता. काही संबंध नसलेला तो तरुण 50 दिवस कोठडीत राहिला. दप्तर हाताशी असलेल्यांची ही तऱ्हा, तर ग्रुपवरच्या फोटोच्या जोरावर कोणाच्या दारात जाणाऱ्यांना काय म्हणावे?

पोराने काढलेला पत्ता वाया जात नाही. तो तारीख-वेळेसह तक्रारीत लिहावा. पैसे गेले असतील तर आधी 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लावावा; पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. कंपन्यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी 180 दिवस जपाव्यात, घड्याळे प्रमाणवेळेशी जुळती ठेवावीत, असा 'सर्ट-इन' या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचा एप्रिल 2022 चा आदेश आहे. गावकीत भांडून सहा महिने काढले, तर पुढे पोलिसांनी मागितली तरी ती नोंद मिळेलच असे नाही.